गैरहजर माणसाचं मत

डहाणू विधानसभा मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले २०१९ मध्ये निवडून आले आणि २०२४ मध्येही. दोन्ही वेळा मताधिक्य पाच हजारांच्या आसपास होतं. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच इथली मतदारयादी वाचायला हवी, कारण यादीतली कितीतरी माणसं मतदानाच्या दिवशी गावात नसतात. घोलवड, झाईपासून आत तलासरीपर्यंतचे खलाशी वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर निघतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. मासेमारीचा हंगाम तेव्हा भरात होता.

यादीत नाव आहे, माणूस नाही. बोगस मतदान इथूनच होतं, असं एक बाजू म्हणते. बोगस मतदानाचा बाऊ करून याच माणसाला यादीबाहेर काढतात, असं दुसरी म्हणते. दोन्हीकडची काळजी खरी आहे, म्हणून ती समोरासमोर बसवली आहे. खालच्या संवादातले गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेले. ताई त्यांची जुनी विद्यार्थिनी, खलाशाच्या घरातली, आता बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसणारी. दोघंही कल्पित आहेत. ते सांगतात ते कायदे, तारखा आणि घटना खऱ्या आहेत.

गुरुजी : बूथवर खोटं मत टाकणं किती अवघड आहे, ते आत बसल्याशिवाय कळत नाही बाय. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी एजंटांसमोर मॉक पोल घ्यायचा. किमान ५० मतं टाकायची, मोजायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायची, मग ती पुसून मशीनला सील लावायचं आणि सीलवर एजंटांच्या सह्या घ्यायच्या. मतदार आला की पहिला अधिकारी ओळखपत्र बघून नाव मोठ्यानं वाचतो. पुढे डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते, १७ ए च्या नोंदवहीत सही नाहीतर अंगठा होतो. संध्याकाळी एकूण मतांचा आकडा १७ सी वर लिहून प्रत्येक एजंटाच्या हातात प्रत द्यायची. यात घुसायला फट कुठे आहे?

ताई : नाव मोठ्यानं वाचतात म्हणालात ना, तिथेच. ते ऐकून ‘हा तो नव्हे’ म्हणणारं कोणी समोर बसलेलं असेल, तरच वाचण्याला अर्थ. आमच्या बूथवर मी बसते. कोणाचा कोण, कोणाची सून, कोण बोटीवर, कोण वारलं, सगळं मला माहीत. पण पक्षाला माणूस मिळाला नाही म्हणून बाहेरचा पोरगा आणून बसवला, तर तो यादीवर नुसत्या टिका मारत बसतो.

गुरुजी : मग एजंट शहाणा हवा, एवढंच. हरकत घ्यायची सोय आहेच. एजंटानं २ रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला, की केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते. तोतया ठरला तर थेट पोलिसांच्या ताब्यात. गुन्हा सिद्ध झाला तर एक वर्षापर्यंत कैद.

हे २ रुपये हल्ली क्षुल्लक वाटतात, पण या तरतुदीमागचा विचार मला मोलाचा वाटतो. परका माणूस ओळखायचं काम कायद्यानं कॅमेऱ्यावर किंवा संगणकावर टाकलेलं नाही, गावातल्या माणसावर टाकलं आहे. खरा मतदार मागाहून आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं असलं, तरी त्याला परत पाठवता येत नाही. त्याला कागदी मतपत्रिका देऊन प्रदत्त मत घेतात आणि वेगळ्या पाकिटात सीलबंद ठेवतात. ते मोजणीत धरत नाहीत, न्यायालयानं मागितलं तरच उघडतं. पाच हजारांच्या फरकापुढे एक पाकीट काय करणार, असं कोणी म्हणेल. राजस्थानात नाथद्वाऱ्याला डिसेंबर २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि तो वाद दुबार नोंदणी व प्रदत्त मतांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

ताई : प्रदत्त मत मागायलाही माणूस बूथवर यायला हवा ना गुरुजी? माझा भाऊ वेरावळला. त्याचं मत दुसऱ्यानं दिलं, तर त्याला कळणार कसं?

गुरुजी : म्हणून तर म्हणतो, जो राहत नाही त्याचं नाव काढा. वर्षातले आठ-नऊ महिने माणूस गुजरातेत असतो, त्याचं नाव इथं कशाला लटकवून ठेवायचं? तो तिकडे नोंदवेल. यादी स्वच्छ झाली की चोरीला वावच उरत नाही.

ताई : तिकडे म्हणजे कुठे? बोटीवर? बोटीला घर नंबर असतो का? आणि कायदा तुम्ही म्हणता तसं सांगत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० वाचा. तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणसाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्याची बायको, पोरं, रेशनकार्ड, घरपट्टी सगळं इथं. पावसाळी बंदीत तो इथंच असतो. वीटभट्टीवर गेलेल्या माणसाचंही तेच.

गुरुजी : मग मुंबईत राहून बोर्डी-घोलवडला बंगला बांधणाऱ्यानं हेच कलम पुढे केलं तर? चिकूची वाडी माझी, लाईट बिल माझ्या नावाचं, मग मत इथंच देणार, म्हणाला तर?

ताई : त्यालाही तेच कलम उत्तर देतं. नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यानं माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे बघा, बंगला इथं आणि संसार मुंबईत असलेल्याचं मत मुंबईला. देह समुद्रात आणि संसार झाईला असलेल्याचं मत झाईला. पण यादी तपासताना होतं उलटं. बंगल्याला कुलूप असलं तरी फोनवर माणूस सापडतो, कागद पाठवतो. पाड्यावरच्या घराला कुलूप दिसलं की ‘स्थलांतरित’.

गुरुजी : बीएलओच्या, म्हणजे यादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या बाजूनंही बघ. बहुतेक शिक्षक, अंगणवाडी सेविका. शाळा सांभाळून घर न् घर फिरतात. कुलूप दिसलं तर त्यांनी करायचं काय?

ताई : शेजाऱ्याला विचारायचं. तुम्ही विचारत होता.

गुरुजी : विचारत होतो. पण शेजारी खोटं बोलला तर? चंद्रपूरच्या राजुऱ्यात काय झालं ते पेपरात वाचलंस ना? २०२४ च्या विधानसभेआधी नवी नावं घालायला ढीगभर ऑनलाइन अर्ज आले. साडेसहा हजारांहून जास्त अर्ज प्रशासनाला खोटे आढळले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. प्रशासन म्हणतं, आम्ही पकडले आणि नाकारले. काँग्रेस म्हणते, नावं चढली. खरं काय ते ठरेल तेव्हा ठरेल, पण कोणीतरी बसून तेवढे अर्ज भरले हे तर दोघांनाही मान्य आहे.

ताई : आणि आपल्या सोलापूरच्या सीमेलगत कर्नाटकात आळंदला २०२३ मध्ये उलटी गोष्ट घडली. ६,०१८ नावं वगळण्याचे अर्ज ऑनलाइन आले, तेही ज्यांना पत्ताच नाही अशा लोकांच्या नावानं. तपासणीत त्यातले २४ खरे निघाले. बाकीच्या माणसांचं मत एका क्लिकवर जाणार होतं. गुरुजी, खोटं नाव घालणं हा गुन्हा आहे, तर खरं नाव पुसणं हाही तेवढाच गुन्हा नाही का?

गुरुजी : आहे. तेवढाच.

इथं दोघं पहिल्यांदा एका जागी येतात, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा हाच आहे. आपल्याकडे मतचोरीची चर्चा मशीनभोवती फिरते. २८ मे २०१८ च्या पालघर लोकसभा पोटनिवडणुकीत मशीन बंद पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्याच दिवशी भंडारा-गोंदियात झालेल्या मतदानात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. मशीन बिघडलं की ते सगळ्यांना दिसतं, रांग थांबते, आरडाओरडा होतो. यादीतली खोट अशी दिसत नाही. ती मतदानाच्या कितीतरी आधी, कोणीही बघत नसताना शिरते, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या हाती आलेली यादीच त्याला खरी मानावी लागते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. १९५० च्याच कायद्याचं कलम २३ तसं सांगतं.

ताई : एक विचारू? पाकिस्ताननं पकडलेल्या गुजरातच्या बोटींवर आपल्या डहाणू-तलासरीचे खलाशी होते. वर्षानुवर्षं तिथल्या तुरुंगात राहिले. त्यांच्या घरी बीएलओ आला तर त्यानं यादीत काय लिहायचं? ‘येथे राहत नाही’?

गुरुजी : नाही. त्यांचं नाव राहिलंच पाहिजे.

ताई : मग रेषा कुठे ओढायची ते तुम्हीच ठरवलंत.

गुरुजी : ठरवली, पण अर्धीच. नाव राहू दे, मात्र त्याच्यापुढे खूण हवी. आयोगाची एएसडी यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची. केंद्राध्यक्षाकडे ती वेगळी दिलेली असते. त्यातला कोणी मतदानाला आला तर हाकलायचं नाही, मत नाकारायचं नाही. ओळखपत्र नीट तपासायचं, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा, एजंटांना सांगायचं. म्हणजे भाऊ खरंच आला तर त्याचं मत त्याला मिळेल, आणि दुसरा कोणी त्याच्या नावावर आला तर सापडेल. राज्य निवडणूक आयोगानंही २०२५ च्या नगरपरिषदांच्या वेळी दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदारानं कुठल्या एका ठिकाणी मत देणार ते लिहून द्यायचं.

ताई : हे मला पटतं. खूण पटते, खोडणं नाही पटत. फक्त ती यादी आधी गावात लागू दे. मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षाच्या पिशवीत उघडली तर आम्ही काय तपासणार?

बिहारनं हे शिकवलं आहे. मतदारयादीच्या २०२५ मधल्या विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्टला प्रारूप यादी लागली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावं तिच्यात नव्हती. कोण वारलं, कोण गेलं, कोण दुबार, हे नावानिशी बाहेर आलेलं नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं ती नावं कारणांसह प्रसिद्ध करायला लावली. मग लोक आपली नावं शोधू लागले. या पुनरीक्षणाच्या पहिल्या दोन टप्प्यांत महाराष्ट्र नव्हता, पण दुसऱ्या टप्प्यात शेजारचा गुजरात होता. घोलवडहून गुजरातेतलं उंबरगाव किती लांब? आणि सीमेवर दोन्हीकडे नाव असण्याचं अगदी टोकाचं उदाहरण याच राज्यात आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनीही हक्क सांगितला, आणि गावकऱ्यांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं आली. हीच गावं राजुरा मतदारसंघात येतात. दोन सरकारांना सीमा ठरवता आली नाही, आणि दोनदा मत दिल्याचा ठपका मात्र गावकऱ्यावर. मला ते अन्यायाचं वाटतं.

गुरुजी : आता टपाली मतदानाचं बोलू. त्यावर माझा विश्वास कमी आहे, सांगून ठेवतो. बूथवर चार डोळे असतात. पाकिटात मत गेलं की ते कोणाच्या हातानं भरलं, कोणाच्या धाकानं भरलं, कोण बघतं? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८ साली एका उमेदवाराच्या माणसांनी लोकांच्या घरून टपाली मतपत्रिका गोळा केल्या. ९०५ मतांच्या फरकाचा निकाल रद्द झाला, निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

ताई : पण आपल्याकडे ८५ वर्षांवरच्यांचं आणि दिव्यांगांचं घरचं मतदान तसं होत नाही. आजीनं १२ डी चा अर्ज भरायचा, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत. मग मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओवाला तिच्या ओटीवर येतात. कधी येणार ते उमेदवारांना आधी कळवतात, एजंटाला बरोबर जाता येतं. आजी आडोशाला मत देते, पाकीट तिथेच बंद होतं. पहिल्या फेरीत ती घरी नसली तर दुसरी फेरी, मग संपलं. यादीत तिच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागलेलं असतं, म्हणून बूथवर जाऊन दुसऱ्यांदा मत देता येत नाही. यात पाकीट गोळा करणारा दलाल कुठे आला?

गुरुजी : ओटीवर नातू उभा असतो की. आजीच्या कानाशी लागतो.

ताई : लागतो. म्हणून एजंटानं जायला हवं, आणि बहुतेक पक्षांचे एजंट उन्हातान्हात पाड्यावर जात नाहीत. तो दोष आमचा, पाकिटाचा नाही.

गुरुजी : आमच्या कर्मचाऱ्यांचं मत खरं तर गुप्त नव्हतं, हेही सांगतो. ड्युटीवरच्यांना मतपत्रिका मिळायची, ती घरी नेऊन भरायची. कोणासमोर भरली, कोणी विचारत नसे. २०२३ मध्ये नियम बदलला. आता सुविधा केंद्रावर जाऊनच भरायची. ते बरं झालं.

ताई : मग खलाशांसाठी असं सुविधा केंद्र का नको? वेरावळ बंदरात ठाणे-पालघरचे खलाशी एकत्र असतात. सैनिकाला ऑनलाइन मतपत्रिका जाते, आजीकडे अधिकारी येतो, खलाशानंच का मत बुडवायचं?

गुरुजी : तिथं एजंट कोण बसणार? आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये असंच रिमोट मशीन पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एकाच मशीनवर ७२ मतदारसंघ. विरोधी पक्षांनी विरोध केला. त्यांची एक शंका हीच होती, की लांबच्या गावी छोट्या पक्षाचा एजंट कुठून आणायचा. इथं तुला चेहरा ओळखता येतो. वेरावळच्या बंदरात तू नसशील.

ताई : नसेन. तांडेल असेल, पण तो मालकाचा माणूस, त्याला बसवून चालणार नाही. हे अवघड आहे, मान्य. पण अवघड म्हणून सोडून दिलं तर पुढच्या निवडणुकीतही तेच. आणि भट्टीवाल्यांसाठी तर समुद्रही आड नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब म्हणतं, मतदानाच्या दिवशी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी. मोडली तर मालकाला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. भिवंडीच्या भट्टीवरून तलासरीला यायचं, जायचं, त्यात एका जोडप्याची मजुरी जाते. उचल घेतलेला माणूस मुकादमाकडे सुट्टी कशी मागणार?

या प्रश्नावर गुरुजींकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही पुरं नाही. मतदानानंतरच्या पारदर्शकतेवर मात्र दोघांचं एकमत आहे. २०२४ च्या विधानसभेत संध्याकाळी ५ चा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान करू देतात, त्यामुळे टक्का वाढतो, हे गुरुजींनी पाहिलेलं आहे. पण संशय मिटवायचा तर हातात कागद हवा, हे ताईंचं म्हणणंही बरोबर आहे. केंद्रावरची १७ सी ची प्रत एजंट घेत नाहीत, किंवा घेतात आणि हरवतात. दुसरीकडे डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून मतदान केंद्रांच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांना पाहण्यावर बंधन आणलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये आयोगानं निवडणूक याचिका नसेल तर निकालानंतर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करायला सांगितलं. मतदाराच्या खासगीपणाचं कारण दिलं जातं. माझं मत असं, की बूथमधलं चित्रीकरण रस्त्यावर फिरू नये हे खरं, पण हरलेल्या उमेदवाराला शंकेच्या केंद्राचं चित्रीकरण बघायचा सरळ मार्ग असायला हवा. याचिकेची मुदत संपता संपता ती करणाऱ्याला पुरावा शोधायला वेळच उरत नाही.

गुरुजी : तर मग काय करायचं म्हणतेस?

ताई : ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या आधी यादी ग्रामसभेत वाचायची. मोठ्यानं. बूथवर वाचता तशी.

गुरुजी : आणि मेलेल्यांची नावं?

ताई : त्यांच्यासाठी ७ नंबरचा अर्ज घरच्यांनी स्वतः भरायचा. ते आपलं काम. सरकार येईपर्यंत थांबायचं नाही.

ताईंच्या या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मृतांची नावं काढा, दुबार नावांपुढे खूण करा, पण बाहेर कामाला गेलेल्या माणसाचं नाव त्याला नोटीस न देता, त्याच्या घरच्यांचं म्हणणं ऐकून न घेता खोडू नका. कलम २२ नुसार नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि ती संधी बोटीवरच्या माणसापर्यंत पोहोचवायची जबाबदारी नोंदणी अधिकाऱ्याची आहे. घोलवड, बोर्डी, झाई आणि तलासरीच्या पाड्यांवरच्या वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरातलं कोणी वेरावळला, ओख्याला किंवा भट्टीवर असेल, तर आज १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून किंवा बीएलओला गाठून त्याचं नाव यादीत आहे का ते बघा. पुढच्या मतदानाला तुमच्या बूथवर एजंट म्हणून कोण बसणार आहे, तेही आत्ताच विचारा.